शिवणीचा पस्ताना

माझं माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं, आणि सासर अमरावतीचं. ज्यांना वऱ्हाड ठाऊक नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. शंभरेक किलोमीटरचं अंतर, दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच कापसाची गाडी, तोच उन्हाळा. पण अकोल्याची मुलगी अमरावतीला देणं म्हणजे काय, हे ज्या मांडवात दोन्हीकडचे जाणते एका पंगतीला बसतात तिथेच कळतं. अकोलेकर म्हणतात, आमचं जंक्शन आहे. अमरावतीकर म्हणतात, आमचं विभागाचं ठिकाण आहे. पूर्वी भांडण एवढ्यावर मिटत असे. मग देशात विमानं वाढली, आणि आमच्या दोन्ही घरांची शांतता गेली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, भूगोलाचे मास्तर होते. अकोल्याबाहेर शिवणीला इंग्रजांच्या काळातली धावपट्टी आहे. दर वर्षी ते आपला वर्ग तिथे सहलीला नेत. पोरांना तारेच्या कुंपणाबाहेर उभं करून वाऱ्याची दिशा, ढगांचे प्रकार आणि भारताच्या हवाई वाहतुकीचं भवितव्य अशा तीन गोष्टी समजावत. पहिल्या दोन गोष्टी दिसत तरी. तिसरीच्या जागी एखादी म्हैस दिसायची. आबा तेवढ्याने डगमगत नसत. हा देश मोठा आहे, लोक घाईत आहेत, एक दिवस गावोगावी विमान उतरेल आणि वऱ्हाडात पहिलं उतरेल ते शिवणीला, असं ते फळ्यावर खडूने लिहिल्यासारखं ठासून सांगत. मीही त्या सहलींना गेले आहे. मला आठवतं ते ऊन आणि डब्यातली मेथीची वडी.

सासरे वकील. आता कोर्टात जात नाहीत, पण वकिली गेलेली नाही. घरात मीठ संपलं तरी ते आधी कोणाच्या ताब्यात होतं ते विचारतात. आमच्या लग्नाच्या पंगतीत ते आबांच्या शेजारी बसले होते. जिलबी वाढून होत होती. सासरे सहज म्हणाले की अमरावतीजवळ बेलोऱ्याला आमचं विमानतळ होऊन राहिलं आहे, झालं की तुम्ही लेकीकडे यायचं आणि तिथूनच मुंबईला उडायचं. आबांनी हातातली जिलबी पानात ठेवली. सगळी पंगत ऐकत होती.

"मी इमानात बसीन तं शिवणीवरून," आबा म्हणाले. "नाईतं बसनारच नाई."

वकिलाच्या साक्षीने केलेली प्रतिज्ञा! माझ्या संसाराची सुरुवात अशी झाली.

पुढची काही वर्षं सामना बरोबरीत होता, कारण विमान कुठेच नव्हतं. पेपरात एक दिवस शिवणीच्या धावपट्टीची बातमी यायची, की आबांचा फोन. दुसऱ्या आठवड्यात बेलोऱ्याची यायची, की सासरे तिचं कात्रण करून माझ्या डब्याच्या पिशवीत घालायचे, माहेरी जाताना न्यायला. मी दोन्हीकडची पोस्टमन. तेवढ्यात देश मात्र खरोखरच उडायला लागला होता. आमच्या गल्लीतला दूधवाला गोव्याला जाऊन आला आणि महिनाभर मानेभोवती घालायची ती गोल उशी घालूनच दूध मोजत होता. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे शेती किती ते सांगायच्या आधी विमानतळ किती लांब ते सांगू लागले.

आणि एक दिवस बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं.

सासरे त्या दिवशी नवा सदरा घालून कुंपणापाशी उभे होते. आल्यावर त्यांनी मला विमानाचे इतके फोटो अकोल्याला पाठवायला लावले की शेवटी आबांच्या मोबाईलमधली जागा संपली. आबांचं उत्तर आलं ते एका ओळीचं. पंखे असलेलं विमान हे विमान नव्हे, कूलर आहे. त्यानंतर सासरे रोज संध्याकाळी विमान बघायला जाऊ लागले. कोणत्या वाऱ्यात ते कुठून उतरतं, पायलट नवा आहे की जुना, सगळं त्यांना दिसत असे. स्वतः मात्र त्यात कधी बसले नाहीत. मुंबईला जायची वेळ आली की त्यांना रेल्वेचा खालचा बर्थच बरा वाटायचा. आम्ही घरात यावर बोलत नसू.

असंच चाललं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण माझ्या भावाला मुलगी झाली.

भाऊ मुंबईला असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की आईने नवस बोलणंही सोडून दिलं होतं. आबा तर नातवंडाचा विषय निघाला की उठून झाडांना पाणी घालायला जात. अशा घरात ती मुलगी आली, आणि आली ती दिवस भरायच्या आधीच. फोटोत ती आबांच्या चष्म्याच्या घरात मावेल एवढी दिसत होती. डॉक्टरांनी तिला सहा-आठ महिने प्रवासाला हलवू नका म्हणून सांगितलं. बारसं मुंबईलाच करायचं ठरलं. आत्या म्हणून नाव ठेवायला मला जायचंच होतं. आईही निघाली. अडचण आबांची होती. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. रात्रभर गाडीचे धक्के खायचे नाहीत, फार तर दोन-तीन तास बसायचं, मग पाय मोकळे करायचे, अशी ताकीद होती. म्हणजे रेल्वे नाही, मोटारीने मुंबई नाही. राहिलं ते बेलोऱ्याचं विमान.

आबा म्हणाले, मी पुढच्या वर्षी भेटीन तिला, ती इकडे येईल तेव्हा.

हे त्यांनी अगदी शांतपणे म्हटलं आणि मला त्यांचा इतका राग आला की मी फोन आपटला. पंगतीत बोललेल्या एका वाक्यासाठी हा माणूस नातीला बघणार नाही! आईने मात्र आपटाआपट केली नाही. तिने मला उलट फोन करून सांगितलं की यांनी फोटो मोठा करून करून मोबाईलची काच घासून टाकली आहे, दुपारी मला झोप लागली असं समजून फोटोशी बोलतात. जायचं आहे, पण वकिलासमोर तोंड कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न आहे.

माझी आई अंजनगाव सुर्जीच्या भिक्षुकाची मुलगी. तिच्या वडिलांकडे पंचांग बघायला पानमळेवाले यायचे. बाहेरगावी निघायचा मुहूर्त एका दिवशी आणि गाडी दुसऱ्या दिवशी, असं झालं की ते लोक मुहूर्तावर आपली एखादी वस्तू, पागोटं म्हणा, उपरणं म्हणा, सुपारी-हळकुंडासकट तिच्या वडिलांच्या घरी आणून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी जाताना उचलून नेत. याला पस्ताना ठेवणं म्हणतात. वस्तू ठेवली की माणूस निघाला. मग तो रात्री घरी जेवो की झोपो, शास्त्राने तो प्रवासात असतो. आईच्या लहानपणी त्यांच्या ओसरीत अशी चार-पाच पागोटी नेहमी प्रवासात असायची.

आईने भाजी चिरता चिरता निकाल दिला.

"तुमी शिवणीले पस्ताना ठेवा," ती आबांना म्हणाली. "जिथं पस्ताना, तिथून मानूस निघाला. मंग बेलोरा काय न् बडनेरा काय, ते वाटेतलं गाव."

आबांनी आयुष्यभर मुहूर्त, पंचांग, राशी यांची टिंगल केलेली. वर्गात त्यांनी ग्रह शिकवले ते फक्त सूर्याभोवती फिरणारे. पण त्या दिवशी त्यांनी आईकडे असं पाहिलं म्हणे, की तिला लग्नानंतर पहिल्यांदाच कोणीतरी शहाणी म्हटल्यासारखं वाटलं. मी तिकिटं काढली. सासऱ्यांना कळवणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पस्तान्याच्या मुद्द्यावर जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले की मुद्दा लढवण्यासारखा आहे. मग म्हणाले, माझंही तिकीट काढ. इवाईबुवा, म्हणजे व्याही, खरंच बसतात की नाही ते मी डोळ्यांनी बघणार, नाहीतर पुढे नाकबूल जातील.

निघायच्या आदल्या दिवशी मी अकोल्यात होते. पस्ताना ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. विमानतळाच्या फाटकावर कोणी ठेवू देणार नाही. फाटकाजवळ एका बाईंची चहाची टपरी आहे, तिथे ठेवू म्हटलं. वस्तू कोणती ठेवायची? आई म्हणाली, अंगाला लागलेली पाहिजे, कोरी चालत नाही. आबांनी प्रवासासाठी काढलेला पांढरा शर्ट त्या उन्हात तासभर घातला, घामेजला तसा काढला, आईने त्यात सुपारी-हळकुंड बांधलं आणि आम्ही ते गाठोडं टपरीवर नेऊन दिलं. आबांना लाज वाटत होती. पस्ताना वगैरे काही न सांगता ते बाईंना एवढंच म्हणाले की हे उद्यापर्यंत राहू द्या, सकाळी नेतो. बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, गाठोडं घेतलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सामान गाडीत टाकताना आबा एकाएकी खिसे चाचपू लागले. त्यांना मास्तरकीपासूनची सवय, उद्याच्या शर्टाच्या खिशात लागणारं सगळं आदल्या दिवशीच घालून ठेवायचं. आधार कार्ड शर्टाच्या खिशात होतं. शर्ट पस्तान्यात होता. आई म्हणाली, बरंच झालं, आता तर तुम्ही शंभर टक्के शिवणीहूनच निघालात.

शिवणीला पोचलो तर मला आधी दिसला तो शर्ट. विमानतळाच्या तारेच्या कुंपणावर, दोन्ही बाह्या पसरून, चिमटे लावून वाळत घातलेला. स्वच्छ धुतलेला. वाऱ्याने तो असा फुगला होता की आतमध्ये कोणी उभं आहे असं वाटावं. आबा गाडीतून उतरले आणि तसेच उभे राहिले.

टपरीवाल्या बाई हात पुसत आल्या. म्हणाल्या, सर, मले ओळखलं नाई न? मी तुमच्या वर्गात होती. त्यांनी आबांना आदल्या दिवशीच ओळखलं होतं. घामेजलेला शर्ट बघून त्यांना वाटलं, सरांच्या घरी बाईमाणूस आजारी असेल, सर बिचारे धुवायला देऊन गेले, तोंडाने सांगायला लाजले. म्हणून त्यांनी सकाळी उठून गुरुजींचा शर्ट नीळ घालून धुतला. सुपारी आणि हळकुंड डब्यात ठेवलं, आधार कार्ड धुतलं गेलं होतं ते पुसून बिस्किटांच्या बरणीत ठेवलं. आईकडे बघून त्या म्हणाल्या, आता बरं आहे ना वैनी? आई खोकली. दुसरं काय करणार.

आबांनी विचारलं की टपरी इथे कशी टाकली. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"तुमीच तं सांगतलं होतं सर, इथून इमानं सुटतीन," बाई म्हणाल्या. "मनून इथंच टाकली."

आबांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. एवढ्या वर्षांच्या सहली, एवढी पोरं, आणि भविष्यावर विश्वास ठेवणारी ही एकटी, आणि तिने संसार त्याच्यावर मांडलेला! बाईंनाही ते दिसलं असावं. त्या घाईने म्हणाल्या की विमानाचं काही नाही, एमआयडीसीचे पोट्टे येतात, धंदा बरा चालतो, दोन्ही मुली कॉलेजात आहेत. मग त्यांनी सहज विचारलं की सर कुठे निघाले, आणि कशाने. आबा कुंपणावरच्या शर्टाचे चिमटे काढू लागले. विमानाने म्हणावं तर कुठून, हा पुढचा प्रश्न होताच. शेवटी आईच बोलली. ती म्हणाली, मुंबईला, नातीच्या बारशाला, विमानाने, आणि निघालो ते इथूनच, विमान तेवढं अमरावतीहून पकडतो. बाईंना हे अगदी सरळ वाटलं. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि जिला अजून दूधही मोजून पाजत होते त्या नातीसाठी म्हणून बिस्किटाचा पुडा दिला.

धुतलेला पस्ताना चालतो का, यावर गाडीत वाद झाला. आई म्हणाली, पाण्याने काही बाटत नाही, उलट शुद्ध होतं. पण शर्ट ओला होता आणि आबा तोच घालून विमानात बसणार म्हणून हटून बसले. दुसरा शर्ट घातला तर वकील मुद्दा काढेल. तेव्हा त्यांनी बनियनवर बसून, दोन्ही बाह्या मुठीत धरून शर्ट खिडकीबाहेर वाऱ्यावर धरला. मूर्तिजापूर येईपर्यंत आबांनी, पुढे आईने, मग मी. बडनेऱ्याच्या अलीकडे एका ट्रकवाल्याने आमचा पांढरा झेंडा बघून गाडी बाजूला घेतली आणि कोण गेलं म्हणून हात जोडले. आई खिडकीतून त्याला हसून म्हणाली की कोणी गेलं नाही, आलं आहे.

बेलोऱ्याला सासरे आधीच येऊन बसले होते. बाकावर, बॅग छातीशी धरून. रोज संध्याकाळी विमान बघणारा हा माणूस त्या दिवशी विमानाकडे पाठ करून बसला होता. आबांचा चुरगळलेला, काखेत ओला शर्ट त्यांनी पाहिला, पण उलटतपासणी घेतली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तपासणीवरच्या माणसाने आबांचं धुतलेलं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि सोडलं. पिशवीतल्या सुपारी-हळकुंडाबद्दल मात्र त्याने विचारलं. आबांनी वऱ्हाडी हिंदीत त्याला पस्ताना म्हणजे काय ते पृथ्वीच्या परिवलनापासून सांगायला सुरुवात केली. मागची रांग वाढत गेली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, जाइए गुरुजी, आप तो पहले ही निकल चुके हैं.

विमानात आबा उजव्या खिडकीशी, शेजारी सासरे, पलीकडच्या रांगेत आई आणि मी. पंखे फिरू लागले. आबा वाकून वाकून बघत होते, ते शिकवलेलं सगळं पडताळून घेत होते. सासऱ्यांनी डोळे घट्ट मिटले होते. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा त्यांनी आबांचा हात पकडला तो दोन्ही हातांनी, आणि आबांनी आपला दुसरा हात त्यांच्या हातांवर ठेवला. माझ्या नवऱ्याने हे बघायला हवं होतं असं मला फार वाटलं. पंचवीस मिनिटं तरी ते दोघे तसेच बसले होते. आबा त्यांना धीर देण्यासाठी खालचं सगळं सांगत होते. ही नदी, हे धरण, ही पाहा शिवणीची धावपट्टी. ती धावपट्टी त्यांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी दिसली. त्यातला एक तरी कालवा होता, असं आईचं म्हणणं आहे.

बारसं त्याच रात्री, साधंच झालं. पाळण्यात ती मुलगी नावापुरती होती, बाकी सगळी दुपटी. मी तिच्या कानात नाव सांगितलं आणि भावाच्या मेव्हणीने माझ्या पाठीत असे धपाटे घातले की तेवढ्यात तिने इतक्या वर्षांचा कसला तरी हिशेब चुकता केला असावा. मग भावाने मुलीला उचलून आबांच्या मांडीवर ठेवलं. आबा पाठीला उशी लावून ताठ बसले होते. तिने त्यांचं बोट धरलं. वर्गभर आवाज पोचणारा हा माणूस तिच्याकडे बघून नुसते ओठ हलवत होता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

घुगऱ्या वाटून होत होत्या. भावाचे सासरे मुंबईचे, सभ्य गृहस्थ. काही बोलायचं म्हणून त्यांनी आबांना विचारलं की प्रवासाचा त्रास नाही ना झाला, अकोल्याहून विमान आहे वाटतं आता. आईचा घुगऱ्यांचा डाव वाटीवरच थांबला. मी सासऱ्यांकडे पाहिलं. लग्नाच्या पंगतीपासून ते या क्षणाची वाट बघत होते.

आबांनी मान वर केली नाही. मुलीच्या मुठीतलं बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "आमच्या अमरावतीवरून आलो. चांगलं आहे आमचं विमानतळ."

सासरे जागेवरून उठले. मला वाटलं, आता टाळी मागतील. पण ते त्या मुंबईच्या गृहस्थांना कोर्टात सांगावं तसं सांगू लागले की नाही हो, हे शिवणीवरून निघाले, पस्ताना तिथे होता, शर्ट अंगावर आहे, हवं तर हात लावून बघा, अजून ओलसर आहे. मी साक्षीला आहे. त्यांचा शब्द मोडलेला नाही. बिचाऱ्या गृहस्थांना यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी घाबरून आबांच्या शर्टाला हात लावून पाहिला.

"राहू द्या इवाईबुवा," आबा म्हणाले. "मले आता कोठूनबी बसवा. हिले पाह्यले येनं आहे."

सासऱ्यांनी पुढे बोलायला तोंड उघडलं, पण मुलगी झोपत होती म्हणून ते खाली बसले.